बाळ पालथं पडायला लागलं की

आज बचत आणि कर्जाचे हप्ते बाजूला ठेवू.

गेल्या पावसाळ्यात भाताच्या रोप लावणीची धांदल चालली होती. आमच्या गटातली एक जण दुपारी शेतातून घरी आली. पाच महिन्यांचं लेकरू पलंगावर निजलेलं. पडू नये म्हणून आजींनी दोन्ही बाजूंनी उशा लावलेल्या. बघते तर बाळ पालथं, तोंड उशीत रुतलेलं, आणि आवाज नाही. उचलल्यावर त्यानं टाहो फोडला, म्हणून आज हे सांगता येतंय. आजींची चूक काढायची नाही. आदल्या आठवड्यापर्यंत ते बाळ कुशीवरही वळत नव्हतं, आणि उशा तर आपण सगळ्यांनीच लावल्यात.

साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ पालथं पडतं. पण बऱ्याच बाळांना परत उताणं व्हायला वेळ लागतो. नाक मऊ कापडात गेलं की बाळ आपणच सोडलेली हवा परत आत घेत राहतं. म्हणून निजवताना, दिवसा असो वा रात्री, पाठीवरच निजवायचं. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली हे घरोघर सांगायला सुरुवात झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली.

"उताणं निजवलं तर दूध घशात अडकेल," असं सासूबाई म्हणतात. खरं तर उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या बाजूला असते. वर आलेलं दूध खालच्या अन्ननळीतच परत जातं.

मग रात्रभर जागून बाळ सरळ करत बसायचं का? नाही. दोन्हीकडे आपापलं वळता यायला लागलं की झोपेत वळलेलं बाळ तसंच राहू द्यावं. तोवर दिसलं की उताणं करावं. मात्र वळायची खटपट दिसली त्या दिवसापासून दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद. हातच बांधलेले असले तर बाळ तोंड वर कसं उचलणार?

जागा म्हणाल तर पलंगापेक्षा जमीन बरी. खाली चटई, वर न दबणारं, सपाट अंथरूण. उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. साडीची झोळी आता सोडावी. त्यात बाळ मुटकुळं होतं, वळलं तर तोंड कापडात जातं किंवा खाली पडतं. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढावा. आपल्या आजऱ्याचा पाऊस आणि गारठा आम्हाला ठाऊक आहे, पण वाकळ अंगावर टाकण्यापेक्षा एक अंगडं जास्त घाला. बंद खोलीत शेगडी नको.

एका खोलीच्या घरात वेगळा पाळणा कुठून आणणार! बाळाला जवळच, पण वेगळ्या अंथरुणावर निजवा. दारू प्यायलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाशेजारी मुळीच नाही. मोठ्या भावंडाला मध्ये घेऊ नका.

जागेपणी मात्र बाळाला रोज थोडा वेळ पालथं घाला, समोर बसून. त्यानं मान आणि खांदे बळकट होतात.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येते. तिला बाळाची झोपायची जागा दाखवा.

त्या आजींनी पलंगावरच्या उशा काढल्या. मोहरीची उशी सोडायला अजून तयार नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनाच बोलावलंय.