पांगाऱ्याच्या पानामागे

उन्हाळ्याच्या तोंडाशी पांगारा फुलतो आणि भोर-वेल्ह्याच्या उतारांवर लाल तुरे दिसू लागतात. मैना, बुलबुल, कावळे त्यांवर तुटून पडतात. या पांगाऱ्याचा एक वैरी आहे, जेमतेम दीड मिलिमीटरचा. गांधीलमाशीचा हा दूरचा भाऊबंद कोवळ्या पानांत नि देठांत अंडी घालतो. तिथं गाठी येतात, पानं वेडीवाकडी होतात. उपद्रव फारच वाढला तर झाड वाळतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं २००४ साली. पुढच्याच वर्षी तो हवाई बेटांवर पोहोचला आणि तिथल्या पांगाऱ्यांची दैना झाली. त्याच सुमारास केरळात मिरवेलींना आधार देणारे पांगारेही त्यानं धरले.

परका कीटक आपल्या दारी कशाला येईल, असं म्हणू नका. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळ मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये तो कोइमतूरला दिसला, २०१० मध्ये पुण्यात. पपई, तुती, जास्वंद, इतकंच काय, गाजरगवतावरही तो पोसतो. अंगावर मेणाचा पांढरा थर, त्यामुळे औषध लागू पडेना. अखेर २०१० मध्येच बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेनं पोर्टो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू आणवले. या इवल्या माश्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात आणि अळ्या त्याला आतून खातात. त्यांनी त्याला आवरलं. परका कीटक इथं माजतो तो याचमुळे. तो येतो, त्याचे शत्रू मागेच राहतात.

मला काळजी वाटते ती देवरायांची. शेतावर मालकाची रोज नजर असते. देवराईतल्या झाडाचं पान उलटून कोण पाहतं? आणि तिच्या शेजारीच फार्महाऊसवर लांबच्या रोपवाटिकेतली रोपं येतात. रोपाबरोबर कीडही येऊ शकते.

म्हणून माझी एक विनंती आहे. गावातली दहा झाडं ठरवा. पंधरा दिवसांनी एकदा पानं उलटून पाहा. गाठी, पांढरा कापूस, काळी काजळी, मुंग्यांची रांग दिसली तर तारीख, झाड आणि जागा वहीत लिहा, फोटो काढा. शाळेतली मुलं हे काम आवडीनं करतात. फांदी तोडून गावभर दाखवत फिरू नका. तसं केलं तर आपणच कीड पसरवू. फोटो तालुका कृषी कार्यालयात किंवा वनरक्षकाला दाखवा.

मात्र दिसला किडा की मार फवारा, असं करू नका. आंब्याचं भिरूड त्रासदायक खरं, पण ते इथलंच. आपल्याकडच्या एका छोट्या फुलपाखराची अळी तर पिठ्या ढेकूणच खाते. फवाऱ्यात आधी असे मित्र मरतात.

नवा कीटक एका झाडावर असतानाच सापडला तर उपाय सोपा असतो. शंभर झाडांवर गेला की परदेशातून माश्या आणाव्या लागतात, आणि त्या दरवेळी मिळतीलच असं नाही.