मतदानाआधीची वकिली



निवडणुकीचा वकील म्हटले की निकालानंतर उच्च न्यायालयात गाजणारी याचिका डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या वकिलीचा मोलाचा भाग मतदानाच्या कितीतरी आधी, मतदार यादीच्या पानांवर घडतो. हिंजवडीत हे विशेषत्वाने समजून घेतले पाहिजे.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. विधानसभेसाठी भोर आणि लोकसभेसाठी बारामती मतदारसंघात मोडणारे. शेजारचे वाकड मात्र चिंचवड विधानसभेत आणि मावळ लोकसभेत. दिवसभर हिंजवडीत संगणकापुढे बसणारा अभियंता रात्री वाकडला मुक्कामी जातो. त्याचे मत कोठले? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १९ वे कलम सांगते की, मतदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असला पाहिजे. म्हणजे मत कचेरीच्या पत्त्यावर नव्हे, निवासाच्या पत्त्यावर. २० वे कलम आणखी पुढे जाते: केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. येथे सदनिका घेऊन ती भाड्याने देणाऱ्याचे नाव त्या सदनिकेच्या बळावर यादीत येत नाही. तेथे राहणाऱ्या भाडेकरूचे मात्र येऊ शकते. दोन मतदारसंघांत नाव ठेवण्यास १७ वे कलम मनाई करते आणि नोंदणीसाठी जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

या कायद्यातील खरा शत्रू म्हणजे विलंब. नामनिर्देशनपत्रे भरण्याची अंतिम मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. एकदा निवडणूक प्रक्रिया सुरू झाली की न्यायालयाने मध्येच हस्तक्षेप करू नये, हा घटनेच्या ३२९ व्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच पोन्नुस्वामी खटल्यात स्पष्ट केला. निकालानंतर दाद मागता येते. पण विधानसभा-लोकसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात आणि ग्रामपंचायतीसाठी अवघ्या १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशापुढे. विधानसभा-लोकसभेच्या याचिकेला उशीर झाला, तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. म्हणूनच जाणता वकील आपल्या अशिलास प्रथम यादी तपासावयास, नमुना ६ भरावयास आणि वेळेत हरकत नोंदवावयास लावतो.

या वकिलीची दुसरी बाजू पुणे लोकसभा मतदारसंघाने पाहिली. २९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे कायदा सांगतो. ती न झाल्याने एका पुणेकर मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. इतर निवडणुकांची व्यग्रता आणि उरलेला अल्प कार्यकाळ ही निवडणूक आयोगाची कारणे अमान्य करून न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तत्काळ पोटनिवडणुकीचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि जून २०२४ पर्यंत पुण्याची जागा रिक्तच राहिली. मतदाराचे म्हणणे उच्च न्यायालयास पटले, तरी हाती प्रतिनिधी आला नाही. कारण निकाल लागेतो वेळ निघून गेली होती.

सज्जनहो, मताधिकाराचे रक्षण शेवटच्या दिवशी होत नसते. हिंजवडीत दरवर्षी नवी माणसे येतात, जुनी स्थलांतर करतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख आता अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांसाठी अर्हता दिनांक मानली जाते. यादी वाचणे हे वकिलाचे काम खरेच; पण त्याआधी ते नागरिकाचे कर्तव्य आहे.