एक प्रत घरात, एक प्रत परगावी

मोलाची वस्तू घरात कोठे ठेवावी, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावे लागले नाही. दागिने तिजोरीत, धान्य कणगीत, आणि जमिनीचे कागद रुमालात बांधून लोखंडी पेटीत, अशी प्रत्येक जिनसेची जागा ठरलेली असे. आज त्या कागदांची, छायाचित्रांची, हिशोबाची, फार काय, गेलेल्या माणसाच्या आवाजाचीही जागा घरातील संगणकात आहे. मुलाच्या बारशापासून लग्नापर्यंतची चित्रे, मुलीचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या लहानशा कारखान्याची खतावणी, असे सर्व काही त्या एका पेटीत असते. परंतु जुन्या पेटीत आणि ह्या पेटीत एक मोठा भेद आहे. जुन्या पेटीला वाळवी लागली तर चार कागद जात आणि चार उरत. ही पेटी बिघडते तेव्हा बहुधा सर्वच घेऊन जाते, आणि जाण्यापूर्वी सूचना देतेच असे नाही.

ह्याचे कारण तिच्या रचनेत आहे. संगणकात हार्ड डिस्क असेल, तर तिच्यातील चकत्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि त्यांवरून वाचणारे टोक माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतर राखून तरंगत असते. एक धक्का, विजेचा एक झटका, किंवा केवळ वयोमान, एवढे त्यास पुरते. नव्या संगणकांतून फिरते भाग नसलेली एसएसडी असते. ती धक्का अधिक सोसते हे खरे, पण तीही अमर नाही, आणि ती बंद पडते तेव्हा पुष्कळदा एकाएकी पडते. तेव्हा आपली डिस्क बिघडेल की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती कधी बिघडेल आणि त्या दिवशी आपल्यापाशी दुसरी प्रत असेल की नाही, हा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील चित्रे ओल, वटवाघळे आणि माणसांचे हात ह्यांनी झिजत चालली आहेत, हे एकोणिसाव्या शतकातच जाणत्यांच्या ध्यानात आले. म्हणून १८४४ साली मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल ह्यास त्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे अजिंठ्यास राहून मोठमोठ्या पटांवर नकला उतरविल्या. त्या लंडनला गेल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीस आग लागली आणि बहुतेक नकला जळून गेल्या.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपले विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत हेच काम पुनः केले. त्या नकलाही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, रवाना झाल्या. १८८५ साली तेथेही आग लागली, आणि ह्या दुसऱ्या परिश्रमाचाही मोठा भाग भस्मसात झाला.

श्रोतेहो, ह्या दोघांच्या निष्ठेत काय उणे होते? काहीच नाही. नक्कल करण्याची बुद्धी त्यांना झाली होती, श्रमही त्यांनी केले होते. उणे राहिले ते इतकेच, की नकलेची नक्कल झाली नाही आणि सारे काही एका छपराखाली ठेवले गेले. ह्याउलट ग्रिफिथ्स ह्यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला ग्रंथ, किंवा हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी ह्यांनी १९३० ते १९५५ ह्या काळात छायाचित्रांसह काढलेले चार भाग, कोणत्याही एका आगीने नाहीसे होण्यासारखे नाहीत. कारण त्यांच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांतून विखुरलेल्या आहेत. अनेक प्रती आणि अनेक ठिकाणे, ह्या दोन शब्दांत बॅकअपचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

आता घरच्या संगणकाकडे वळू. पुष्कळ घरांतून संगणकाच्या ‘सी’ भागातील फाईली ‘डी’ भागात उतरवून ठेवण्याची चाल आहे, आणि तेवढ्याने बॅकअप झाला असे मानले जाते. परंतु घरच्या संगणकात हे दोन भाग बहुधा एकाच डिस्कवर पाडलेले असतात. ही एकाच घरातील दोन खोल्यांची गोष्ट झाली. आग लागली तर स्वयंपाकघर जळेल आणि माजघर वाचेल, ह्या भरवशावर कोणी शहाणा माणूस दागिने माजघरात हलवीत नाही. दुसरी प्रत दुसऱ्याच डिस्कवर हवी. त्यासाठी खिशात मावेल एवढी बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क बाजारात मिळते. तिची क्षमता संगणकातील डिस्कच्या निदान दुप्पट असावी. एक टेराबाइट म्हणजे सुमारे दहा लक्ष मेगाबाइट. एक छायाचित्र चार मेगाबाइटचे धरले, तर तीत अडीच लक्ष छायाचित्रे राहतील. सामान्य कुटुंबास हे पुष्कळ झाले.

डिस्क घेतली, पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहाने सर्व फाईली तिच्यात उतरविल्या, आणि पुढचा रविवार पाहुण्यांत गेला, तिसरा लग्नात गेला, चौथ्या रविवारी विसर पडला. हा मनुष्यस्वभाव आहे. त्यास दोष देऊन उपयोग नाही. उपाय असा, की हे काम माणसाच्या स्मरणशक्तीकडे ठेवूच नये. आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणून त्याच्या ओघावर जाते फिरविण्याची ती योजना. बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी तेथे पीठ दळले जाई, आणि त्यासाठी रोज पहाटे कोणास जात्याच्या खुंट्यास हात घालावा लागत नसे. योजना एकदा नीट बसली, की पाणी आपले काम करीत राहते. बॅकअपही असाच बसवावयाचा असतो.

सुदैवाने त्यासाठी वेगळा खर्च नाही. विंडोजच्या संगणकात ‘फाइल हिस्ट्री’ नावाची सोय २०१२ सालच्या विंडोज ८ पासून आहे, आणि विंडोज ११ मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडून ही सोय एकदा चालू केली, की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप इत्यादी ठराविक कप्प्यांतील ज्या फाईलींत बदल झाला असेल, त्यांची प्रत ती दर तासास उतरवीत राहते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ह्या कप्प्यांबाहेर, म्हणजे ‘डी’ भागात वगैरे, आपण जे ठेवाल त्याची ती आपण होऊन दखल घेत नाही. म्हणून जपावयाच्या फाईली आधी त्या कप्प्यांत आणाव्या. अ‍ॅपलच्या मॅक संगणकात २००७ सालापासून ‘टाइम मशीन’ आहे. ते गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या प्रती, आणि त्यामागील काळाच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती राखते. डिस्क भरली, की सर्वांत जुनी प्रत आपोआप गळते. मॅकसाठी डिस्क लावताना तिच्यावरील आधीचा मजकूर पुसला जाण्याचा संभव असतो. तेव्हा त्या कामी नवी, रिकामी डिस्कच घ्यावी, हे उत्तम.

ह्या जुन्या प्रती राखण्याचे महत्त्व किती, हे चटकन ध्यानात येत नाही. नुकसान पुष्कळदा डिस्क बिघडून होत नाही, आपल्याच बोटाने होते. प्रबंधाचे तिसरे प्रकरण कोणी चुकून पुसून जतन केले आणि आठ दिवसांनी ते ध्यानात आले, तर कालची प्रत काय कामाची? आठ दिवसांपूर्वीचीच प्रत हवी. दूरच्या संगणकांवर फाईली ठेवण्याच्या, ज्यास क्लाउड म्हणतात त्या सोयी पुष्कळांच्या वापरात आहेत, आणि त्या उपयुक्तही आहेत. परंतु त्यांतील ‘सिंक’ म्हणजे आरशातील प्रतिबिंब होय. आपण येथे फाईल पुसली, की तेथेही ती पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत सापडते, पुढे तीही सोय संपते. प्रतिबिंब आणि प्रत ह्यांत अंतर आहे, हे विसरू नये.

आता ह्या व्यवस्थेतील अडचण सांगतो. काम आपोआप व्हावे म्हणून डिस्क सदैव जोडलेली हवी. पण जी डिस्क सदैव जोडलेली, ती संगणकाबरोबर संकटातही सापडते. वळवाच्या पावसात वीज कडाडून विजेचा दाब एकदम चढला, घरात चोर शिरला, नळ फुटून खोलीत पाणी भरले, तर एकाच टेबलावरच्या दोन्ही वस्तू जावयाच्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरच्या संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा जोडलेल्या डिस्कवरील फाईलीही तिच्या तावडीतून सुटल्या नाहीत. म्हणून डिस्क दोन घ्याव्या. एक रोज टेबलावर राहील. दुसरी महिन्यातून एकदा जोडावी, तिच्यावर प्रत उतरवावी आणि ती घराबाहेर न्यावी. बहिणीच्या घरी जालन्यास, भावाकडे पुण्यास, बँकेच्या लॉकरमध्ये, जेथे आपले जाणेयेणे असेल तेथे. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत भेटी होतातच. त्यांचे आपल्याकडे, आपले त्यांच्याकडे, अशी अदलाबदल केली तर दोन्ही घरांचे रक्षण होते. डिस्क परक्या हाती पडण्याचे भय वाटत असेल, तर तिला सांकेतिक कुलूप घालता येते. मात्र तो परवलीचा शब्द कागदावर लिहून वेगळ्या जागी जपावा. तो हरवला, तर ते कुलूप आपल्यालाही उघडत नाही.

शेवटचा मुद्दा तपासणीचा. आपल्या पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सर्वश्रुत आहे. तोवर ग्रंथास जवळजवळ तीन शतके होत आली होती. हातोहात नकला होत होत पाठ बिघडले होते, आणि वाचणाऱ्यास आपल्या हातची प्रत चोख आहे असेच वाटत असेल. प्रत असणे निराळे आणि ती खरी असणे निराळे. संगणकाच्या बाबतीतही हेच. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असता एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाईली पुसल्या गेल्या. बॅकअप रोज होत आहे अशी सर्वांची समजूत होती, पण तो काही काळापासून नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो एका पर्यवेक्षिकेमुळे. तान्हे मूल असल्यामुळे तिने घरून काम करण्यासाठी संगणक घरी नेला होता, आणि त्यात एक प्रत होती.

तेव्हा तीन महिन्यांतून एकदा, पाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत असे दिवस ठरवून, डिस्कवरील एखादे जुने चित्र आणि एखादा जुना कागद परत संगणकात आणून उघडून पाहावा. शेवटची प्रत कोणत्या तारखेस उतरली तेही पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. डिस्क स्वतःही झिजते. चारपाच वर्षांनी नवी घ्यावी आणि जुनीवरील मजकूर तीत उतरवावा.

कोणत्या फाईलींपासून आरंभ करावा, असे कोणी विचारील. ज्या पुनः मिळणार नाहीत, त्यांपासून. चित्रपट आणि गाणी पुनः मिळतात. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्याचे काम शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीकडे सोपविले, तेव्हा निजामकाळातील मोडी आणि उर्दू दप्तरे उघडण्यात आली, आणि पणजोबांच्या नावाच्या एका ओळीचे मोल केवढे असू शकते, हे घरोघरी कळून आले. असे कागद आपल्या पेटीत असतील तर मूळ जपाच, पण त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून ती सर्वांआधी ह्या डिस्कवर चढवा. त्यांच्या जोडीला आजीने ओव्या म्हटल्याचे ध्वनिमुद्रण ठेवा. कागदाची नक्कल कचेरीत एखादे वेळी मिळेल, त्या आवाजाची मात्र कोठल्याही दप्तरात मिळणार नाही.

येत्या रविवारी हे काम हाती घ्या. पहिली प्रत उतरण्यास काही तास लागतील, तेवढा वेळ संगणक बंद करू नका. पुढच्या प्रती थोड्या वेळात होतात. आणि दुसरी डिस्क कोणाच्या घरी ठेवावयाची, हे त्याच दिवशी दूरध्वनी करून ठरवून टाका.