दुष्काळी कामाचा पैसा आणि धारूरचे सीताफळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'दुष्काळी काम' म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात शेतात काही उरले नव्हते, तेव्हा सरकारने रस्त्यांची, बांधबंदिस्तीची, पाझर तलावांची कामे काढली. बायामाणसे खडी फोडायला बसली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले.

मंदी आली की मोठमोठे देश जे 'आर्थिक प्रोत्साहन पॅकेज' जाहीर करतात, ते एका अर्थाने दुष्काळी कामच असते. बाजार थंडावतो, कारखाने माणसे कमी करतात, अशा वेळी सरकार तिजोरी उघडते. लोकांच्या हातात पैसा आला की बाजार पुन्हा हलू लागतो. प्रश्न असा, की हा पैसा रस्ते आणि पूल यांच्याबरोबर विज्ञान संशोधनालाही द्यावा का?

अमेरिकेने तो दिला. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथे ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजचा कायदा झाला. त्यातले १० अब्जांहून अधिक डॉलर वैद्यकीय संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे गेले आणि ३ अब्ज नॅशनल सायन्स फाउंडेशनला मिळाले. हिशेब सरळ होता. प्रयोगशाळा बांधायला गवंडी लागतो, उपकरणे बनवायला कारखाना लागतो, म्हणजे आज रोजगार मिळतो आणि उद्या नवे ज्ञान हाती येते. पण आरोग्य संस्थांना मिळालेला पैसा साधारण दोन वर्षांत वाटून संपवायचा होता. मुदत सरत आली तशी त्या पैशावर नेमलेल्या तरुण संशोधकांना पुढची चिंता लागली. काम अर्ध्यावर आणि पैसा संपलेला, अशी स्थिती अनेक प्रयोगशाळांवर आली.

हे असे का होते, ते आपल्या सीताफळाच्या उदाहरणावरून चांगले कळते.

बालाघाटाच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईच्या माळरानावर सीताफळ आपसूक वाढते. हलकी जमीन, कमी पाऊस, तरी झाड तग धरते. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बियांपासून उगवलेली दोन झाडे सारखी निघत नाहीत. एकाचे फळ गराने भरलेले, तर शेजारच्याचे नुसत्या बियांचे. मग चांगले झाड हेरायचे, त्याची कलमे करायची, ती फळावर येईपर्यंत काही वर्षे थांबायचे, चांगल्या आणि वाईट पावसाच्या हंगामांत फळे मोजायची, गर तोलायचा. एका वाणाच्या मागे दहा-पंधरा वर्षे सहज जातात. अंबाजोगाईला मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथून आलेल्या 'धारूर-६' या वाणामागे असेच चिकाटीचे काम आहे. विद्यापीठाची स्थापनाही त्याच दुष्काळाच्या वर्षी, मे १९७२ मध्ये झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकीकडे त्या वर्षाची भूक भागवणारी कामे निघाली, दुसरीकडे पुढच्या पन्नास वर्षांची सोय झाली.

दोन वर्षांत खर्च करण्याच्या अटीवर आलेल्या पैशातून सीताफळाचा वाण निघणार नाही. त्यातून इमारत होईल, कुंपण होईल, यंत्र येईल. पण कलमे बांधणारा माळी, नोंदी ठेवणारा साहाय्यक, शीतगृहाचे वीजबिल हा खर्च दरवर्षीचा आहे. त्याची तरतूद नसेल, तर नवे यंत्र खोक्यातच राहते.

सीताफळाची दुसरी अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. फळाचे डोळे उघडले, ते तोडले, की दोन-चार दिवसांत पिकून मऊ होते. गर काढून ठेवावा तर लवकर काळा पडतो. त्यामुळे शेतकऱ्याला त्या दिवशी मिळेल तो भाव घ्यावा लागतो. हंगाम दिवाळीच्या आसपासचा, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या गावातून निघतात. फळ टिकवण्याचे स्वस्त तंत्र तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध झाले, तर कोयता घेऊन जाणाऱ्या काही घरांना तरी गावात हंगामाचे काम मिळू शकेल. संशोधनाला पैसा कशाला, असे विचारणाऱ्याला माझे हे उत्तर आहे.

आपल्या देशात संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी राहत आला आहे. अलीकडे मात्र मोठे आकडे ऐकू येतात. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. त्याच्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे ठरले, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. जुलै २०२५ मध्ये १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन निधीला मंजुरी मिळाली. त्याचा भर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा बिनव्याजी कर्ज देण्यावर आहे. आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा व्हायची आहे. तिच्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या झाडामागे कर्ज घेणारी कंपनी सहसा उभी राहत नाही. तिथे सरकारचाच पैसा लागतो, आणि तोही नेमाने.

हे कसे करायचे, याचा धडा आपल्याच राज्यात आहे. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबागांची जोड दिली गेली. खड्डे खोदण्याची मजुरी मिळालीच, पण अनुदान एकदम न देता तीन वर्षांत विभागून देण्याची आणि झाडे जगली की नाही हे पाहण्याची रीत पडली. म्हणून त्या पैशातून खड्डेच नव्हे, बागाही उभ्या राहिल्या. संशोधनाचा पैसाही असाच द्यावा. इमारतीच्या मंजुरीबरोबरच तिथल्या माणसांची आणि कामाची निदान दहा वर्षांची तरतूद लिहून ठेवावी, आणि काम जगले आहे की नाही, हे दरवर्षी पाहावे.

दुष्काळात बांधलेले कितीतरी पाझर तलाव गाळाने भरलेले आपण पाहिले आहेत. बांधायला पैसा होता, गाळ काढायला नव्हता. प्रयोगशाळांचे तसे होऊ नये, एवढेच सांगणे.