‘देइनोस’ : भयवाचक एका ग्रीक शब्दाविषयीं



आपल्या आंबीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढें तुळापुराजवळ भीमेस मिळते. ‘भीमा’ म्हणजे भयंकर, हें आतां कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं. लोक तिच्या पाण्यावर शेतें पिकवितात. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंतही असाच एक शब्द आहे, त्याविषयीं आम्ही आज चार शब्द बोलूं इच्छितों.

पुल्लिंगीं देइनोस, स्त्रीलिंगीं देइने, नपुंसकलिंगीं देइनोन. मूळ अर्थ भयानक. पुढें अतिबलवान, आणि शेवटीं विलक्षण निपुण. आपण ‘भयंकर हुशार’ म्हणतों, तसेंच हें. प्लेटोच्या ‘प्रोतागोरास’ संवादांत सॉक्रेटीस सांगतो कीं, कोणास ‘देइनोस’ शहाणा म्हटलें तर प्रोदिकस त्याला टोकीत असे. रोग, युद्ध, दारिद्र्य यांसच तो शब्द लावावा, असा त्याचा आग्रह. आमच्या मतें पंडितजी अंमळ फाजील काटेकोर होते!

नव्या करारांत हें विशेषण मुळींच नाहीं. अंत्य ओकार दीर्घ करून होणारें त्याचें क्रियाविशेषण मात्र दोनदां येतें. लूकच्या अकराव्या अध्यायांत तें शास्त्री-परुश्यांच्या वैराविषयीं आहे. मत्तयच्या आठव्या अध्यायांत कफर्णहूमचा शताधिपति आपल्या चाकराच्या यातना सांगतांना तें उच्चारतो. परमेश्वराविषयींच्या धाकास दुसराच शब्द आहे, ‘फोबेरोस’. तो नव्या करारांत तीनदां, आणि तिन्ही वेळां इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत, आढळतो. जुन्या ग्रीकांत त्याचा अर्थ ‘भीतिदायक’ होई, तसाच ‘भित्राही’ होई. मराठीनें हे दोन अर्थ निरनिराळे ठेविले, हें बरें केलें.

कारण या घोटाळ्यानें ख्रिस्तसभेंत पुष्कळ हानि झाली आहे. आपण अपात्र, या भयानें कित्येक भाविक जन वर्षांतून एकदांच ख्रिस्तशरीर घेत. दहावे पायस यांच्या काळीं, 1905 सालच्या आज्ञापत्रानें, वारंवार, किंबहुना नित्य, तें घेण्यास उत्तेजन मिळालें. 1910 मध्यें समजूं लागलेल्या लहान मुलांसही वाट मोकळी झाली. आणि मौज अशी कीं, ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीं आपण जे अपात्रतेचे शब्द म्हणतों, ते त्याच शताधिपतीचे आहेत. तो अपात्र होता, म्हणून घरीं बसला नाहीं; चाकराचें दुःख घेऊन प्रभूकडे आला, आणि त्याच घटकेस चाकर बरा झाला.