तारेतला दोष आणि मुलाचा दोष

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपणापुढे घरातल्या एका साध्या तारेविषयी बोलणार आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा घरातल्या पडद्यावर आली. पुढे शाळा उघडल्या. पण शिष्यवृत्तीचे अर्ज, अकरावीचे प्रवेश आणि सीईटीचे फॉर्म यांसाठी इंटरनेट घरात राहिलेच. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते बंद पडले, तर विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते.

नालासोपाऱ्याला माझ्या बहिणीच्या घरी भाच्याचा वर्ग सारखा मध्येच तुटे. त्याच्या अब्बांची समजूत अशी की, मुलगा स्वतःच वर्ग बंद करून खेळत बसतो. बोलणी झाली, मुलगा रडला. मग जास्त पैसे भरून जास्त वेगाची योजना घेतली, तरी तुटणे थांबेना. दोष अखेर सापडला टीव्हीच्या मागे. तिथे एका केबलच्या तीन वाटा करणारा जुना स्प्लिटर होता आणि त्याच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. तो काढून तार सरळ मोडेमला जोडली आणि वर्ग अखंड चालू लागला. नळ गळत असताना मोठी टाकी बसवावी, तसे आमचे झाले होते.

म्हणून घाई न करता क्रमाने तपास करावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

पहिले काम वहीचे. इंटरनेट केव्हा तुटते, पावसात की रात्री की दिवसभर, हे चार दिवस लिहून ठेवा.

दुसरे, राउटरपासून संगणकापर्यंत तार लावून पाहा. तारेने नीट चालले, तर दोष केबलचा नसून वायफायचा आहे. मग राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्या पोहोचतात, पण चाळीत व इमारतीत त्यांची गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त, पल्ला कमी.

तिसरे, तारेनेही तुटत असेल तर केबल पाहा. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला निम्म्याहूनही थोडी कमी शक्ती मिळते, म्हणून नको असलेला स्प्लिटर काढा. टोके हाताने घट्ट बसवा. सैल टोकातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि त्याचा त्रास त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांनाही होतो. आपला भाग समुद्र, खाडी आणि मिठागरांच्या कडेचा. खाऱ्या हवेत टोके लवकर गंजतात. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी साचून वसई-नालासोपारा भागातली रेल्वे बंद पडली होती. तशा पावसात उघडा सांधा कसा टिकावा? खिडकीतून येणारी तार आत शिरण्यापूर्वी थोडी खाली झुकलेली असावी, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकते.

चौथे, बऱ्याच केबल मोडेममध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडला की सिग्नलचे आकडे दिसतात. येणारी शक्ती साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये असावी. आकडे त्याबाहेर असतील किंवा सारखे हलत असतील, तर त्यांचा फोटो काढून ठेवा. आकडे चांगले असूनही रात्री ८ ते ११ मध्येच वेग पडत असेल, तर ती लाइनवरची गर्दी आहे. तिला घरात उपाय नाही.

ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी डब्यावरचा ‘एलओएस’चा लाल दिवा पाहावा. तो लागला की प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. फायबर मुडपू नये, त्याच्या टोकात डोळा घालून पाहू नये. आणि पावसात गच्चीवर किंवा खांबावर कोणीही चढू नये. ते काम कारागिराचे.

यानंतर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य दाद मागता येते. नुसते ‘नेट चालत नाही’ म्हणणाऱ्याला ‘बंद करून चालू करा’ असे उत्तर मिळते; तारखा आणि आकडे सांगणाऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही वही तुम्ही ठेवा. प्रयोगशाळेत शिकता ती रीत हीच. आणि अर्ज शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

पालकांना एवढीच विनंती, मुलाला बोलण्यापूर्वी टीव्हीच्या मागे एकदा हात घालून पाहा. माझ्या मेहुण्यांनी भाच्याची समजूत काढली, पण ते बोलणे त्याला अजून आठवते. गंजलेले टोक थोडक्या पैशांत बदलता येते.