महालक्ष्मीच्या मुखवट्यांवरील छटा



बीड जिल्ह्यासह मराठवाड्यात भाद्रपदातील गौरींना महालक्ष्मी म्हणतात,
आणि त्यांच्या रंगवलेल्या मुखवट्यांना जिवंतपणा येतो, तो छटेमुळे.

छटा म्हणजे रंगाचे हळूहळू गडद वा फिके होत जाणे.

मूळ त्वचारंग वाळल्यावर गालांच्या उंचवट्यावर फिकट गुलाबी रंग देऊन
त्याची कड कोरड्या कुंचल्याने विरवली जाते,
तर नाकाच्या बाजूंना किंचित गडद रंग दिल्याने नाक उठून दिसते.

आखणी, म्हणजे डोळ्यांचे रेखाटन, शेवटी होते;
बुबुळांवरचे पांढरे ठिपके एकाच बाजूला असले, तरच नजर जुळते.

छटेचा नियम मुखवट्यांपुरताच नाही; खेळण्यातल्या कापडी अस्वलाचा इवला चेहरा रंगवतानाही तोच लागू पडतो:
छटा हलकी असावी, थराथराने चढावी आणि तिची कड विरलेली असावी.